पिशवी जिरली, हिरा

हिरा, जिरली. पिशवी जिरली आणि तिच्याबरोबर माझीही जिरली. तू असतीस तर पहिल्या बातमीवर नुसती मान हलवली असतीस आणि दुसरीवर पोट धरून हसली असतीस, हे मला पक्कं माहीत आहे.

काल सकाळी म्हसवडला तुझ्या दादांच्या रानात होते. शेवग्याच्या बुंध्याशी गुडघे टेकून बसले होते, हातात खुरपं, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, आणि मातीत मला काहीही सापडत नव्हतं. मुळं लागली, खडे लागले, हुमणीची एक जाडजूड अळी लागली. रोपाबरोबर पुरलेली आपली पिशवी मात्र लागली नाही. शेजारच्या झाडाशी गेले, तिथंही नाही. त्याच्या पुढच्या झाडाशी, तिथंही नाही. एरवी शोधलेली वस्तू मिळाली नाही की माणसाचा चेहरा उतरतो, माझा खुलत होता. मी अशी काही ओरडले की बांधावर झोपलेलं दादांचं कुत्रं उठून पळालं. साठीला टेकलेल्या, चष्मा लावणाऱ्या प्राध्यापक बाईनं असं ओरडू नये, पण तिथं ऐकायला होतं कोण? दादा, वहिनी आणि ते कुत्रं.

आणि लगेच तुझा आवाज आला. भूतबीत काही नाही, इतक्या वर्षांची सवय. "वैशे, दिसंना म्हंजे न्हाई असं न्हाई गं." हे तुझं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते तुझ्याशिवायसुद्धा ऐकू येतं. मी काहीतरी मोठ्या आनंदानं सांगायला यावं आणि तू हे वाक्य माझ्या पुढ्यात ठेवावंस. पिशवी दिसत नाही म्हणजे ती मातीतल्या जंतूंनी खाल्ली असेल, किंवा नुसता तिचा भुगा होऊन मातीत मिसळला असेल. भुगा झाला असेल तर आपण प्लास्टिक संपवलेलं नाही, फक्त लपवलेलं आहे. अख्खी पिशवी निदान वाकून उचलता तरी येते. भुगा कोण उचलणार? तो पाण्यात जाणार, पिकात जाणार, मेंढरांच्या पोटात जाणार. खाल्ली का चुरली, एवढाच तुझा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मिळायच्या आत तू निघून गेलीस.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहा म्हणून माझ्या मागे लागलेत. तुझा जन्म कुठं, शिक्षण कुठं, शोधनिबंध किती, ते कुणीतरी नीट लिहील. मला ते जमणार नाही. माझ्याकडे ताजी बातमी आहे आणि ती जिला सांगायची तीच नाही, अशी माझी पंचाईत झाली आहे. म्हणून मी तुलाच लिहिते. त्यांना छापायचं तर छापू देत.

आपलं जमलं तेच भांडणातून. मी शिराळ्याजवळच्या उसाच्या गावची, तू माणदेशातल्या मेंढपाळाच्या घरची. सांगलीच्या कॉलेजात तुला नुकतीच नोकरी लागली होती आणि पहिल्याच आठवड्यात तू मला म्हणालीस की तुम्ही ऊसवाली माणसं पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी, तुम्हाला बाहेरचं जग दिसत नाही. मी म्हटलं, आणि तुम्ही दुष्काळी माणसं घोटभर पाणी मिळालं तरी त्याचं व्याख्यान देता. त्यावर तू माझ्या डब्यातली पोळी उचललीस आणि आपली मैत्री झाली. नंतर कधीतरी बोलता बोलता कळलं की दिवाळीनंतर तुमच्याकडची मेंढरं आमच्या बाजूला उतरायची आणि माझे वडील खतासाठी ती रानात बसवून घ्यायचे. माणसांची ओळख व्हायच्या आधी तुमच्या मेंढरांनी आमच्या रानात मुक्काम केलेला होता. तू लगेच म्हणालीस की मग तुझ्या अंगातला निम्मा ऊस आमच्या लेंड्यांवर वाढलाय. हे तू भर विभागाच्या बैठकीत म्हणाली होतीस.

तू हे काम कशासाठी धरलंस ते मात्र तू एकदाच सांगितलंस, चहा पिताना, सहज. तू शाळेत असताना तुमची एक मेंढी खायची बंद झाली. पोट टम्म फुगलं आणि दोन दिवसांनी मेली. तुझ्या वडिलांनी पोट फाडून पाहिलं तर आत प्लास्टिकचा गोळा. जत्रेनंतर रस्त्याकडेला पडलेलं सगळं तिनं खाल्लं होतं. घरातली बाकीची माणसं हळहळली. तू तो गोळा हापशावर नेऊन धुतलास, सोडवलास आणि एकेक पिशवी दगडावर पसरलीस. त्यातली एक दुधाची होती, तिच्यावरची अक्षरं वाचता येत होती. "मेंढरू बाभळीच्या शेंगा पचवतं, वाळका कडबा पचवतं. ह्येच का पचंना?" असं तू वडिलांना विचारलंस आणि त्यांनी तुला तिथून हाकललं. तुला त्यात दुःखाचं काही सांगायचंच नव्हतं. तुला अजूनही त्या 'का'चंच पडलं होतं. चहा संपायच्या आत तू मला पॉलिमरच्या साखळीबद्दल तीन प्रश्न विचारलेस आणि त्यातल्या दोनांची उत्तरं मला देता आली नाहीत.

प्लास्टिक म्हणजे लांबच लांब साखळी आणि एन्झाइम म्हणजे ती तोडणारी कात्री, असं तू पोरांना शिकवायचीस. कात्रीनं तुकडे केले की ते जंतूंच्या तोंडात मावतात, मग ते खातात. साधं प्लास्टिक कुठलीच कात्री सहज कापत नाही, म्हणून मी उसाच्या मळीपासून वेगळी साखळी बनवत होते, कापली जाईल अशी. आणि तू कात्री शोधत होतीस. ती तुला सापडली कुठं, तर मेंढरं बसवलेल्या रानात. तिथल्या मातीतला एक जंतू माझी साखळी कातरत होता. त्या दिवशी तू धावत माझ्या प्रयोगशाळेत आलीस, पायात एकच चप्पल होती. दुसरी जिन्यात राहिली होती. तू स्वतः होऊन नाचलेली मी तेवढीच एकदा पाहिली. पाच मिनिटांनी तू थांबलीस आणि म्हणालीस की परत करून बघू, चुकलं असंल.

मग तुझ्या डोक्यात आलं की एन्झाइम पिशवीतच घालायचं, दुधात विरजण घालतात तसं. पिशवी कोरडी असेपर्यंत विरजण झोपलेलं, ओल्या मातीत गेली की जागं. मला ही कल्पना इतकी आवडली की ती मला कशी सुचली नाही म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी नीट बोलले नाही. पिशवी करायची तर साखळी वितळवावी लागते आणि माझ्या यंत्राच्या उष्णतेत तुझं विरजण मरायचं. दर खेपेला तू पिशवीचा तुकडा घेऊन यायचीस आणि माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचीस, "मेलं. तुझ्या भट्टीनं मारलं." मी म्हणायची की तुझं विरजणच नाजूक, त्याला मी काय करू. वर्षभर आपण एकमेकींवर हा खटला चालवला. शेवटी मी मिश्रण बदललं, कमी उष्णतेत वितळणारं केलं, आणि तुझं विरजण जगलं. तेव्हासुद्धा तू 'छान' म्हणाली नाहीस. तू म्हणालीस, "आता कसं." तुझ्याकडून एवढं म्हणजे सुवर्णपदकच. मी ते दोन शब्द घरी जाऊन नवऱ्याला सांगितले होते, हे तुला कधी कळू दिलं नाही.

शेतकऱ्यांना द्यायच्या कागदावर काय लिहायचं यावरून झालेलं भांडण आठवतं? मी लिहिलं होतं, 'जैवविघटनशील रोपपिशवी'. तू तो शब्द मोठ्यानं वाचलास आणि विचारलंस की हे औषध कुठल्या रोगावर आहे. मी म्हटलं, मग काय लिहू, कुजणारी? कुजकी पिशवी कोण घेईल? विरघळणारी लिहावं तर लोक ती पाण्याच्या बादलीत टाकून बघतील. तू म्हणालीस, जिरणारी लिही. पाणी जमिनीत जिरतं, खाल्लेलं अंगात जिरतं, तशी पिशवी मातीत जिरते. मला शब्द आवडला, पण मी म्हटलं की आमच्या गावात जिरते ती माणसाची, आणि ती जिरवायला माणसं टपलेली असतात. तू म्हणालीस, मग तर शब्द लक्षात राहील. कागदावर तुझाच शब्द गेला. 'ही पिशवी मातीत जिरते. रोप पिशवीसकट लावा.'

एवढं स्वच्छ लिहूनही काय झालं ते तू आयुष्यभर मला ऐकवलंस. पहिली रोपं मी माझ्या माहेरी दिली, सुमनकाकूंकडं. पपईची. काकूंना सगळं समजावलं, काकूंनी सगळ्याला 'व्हय व्हय' केलं. महिना-दीड महिन्यानं आपण दोघी माती तपासायला गेलो तर काकूंच्या दारात दोरीवर आपल्या पिशव्या वाळत घातलेल्या. प्रत्येक पिशवी अलगद कापून काढलेली, धुतलेली, चिमटा लावलेला. काकूंनी वाळलेल्या पिशव्यांची नीट घडी घालून तुझ्या हातात दिली. "आवं, येवढी चांगली पिशवी मातीत कशाला घालायची? धुतल्यात म्या. परत वापरा." जन्मभर दुधाची पिशवी धुऊन ठेवलेली बाई ती, तिच्या हातून चांगली पिशवी मातीत जाणार कशी? माझा चेहरा पडला होता. इतक्या दिवसांची मेहनत दोरीवर वाळत होती. तू मात्र घडी हातात धरून खाली ओट्यावर बसलीस आणि इतकी हसलीस की काकूंनी तुला पाणी आणून दिलं.

मग आपण परत निघालो. इस्लामपूरच्या फाट्यावर तू म्हणालीस की चूक काकूंची नाही, तुझी आहे, वैशे. तू पिशवी फार सुंदर केलीस. काचेसारखी पारदर्शक, चकचकीत. असली पिशवी कुणाला टाकवंल? "इतकी वंगाळ कर की हातात धरू वाटू ने." मला राग आला. आयुष्यभर मी स्वच्छ पारदर्शक फिल्म कशी करायची हे शिकले आणि ही बाई मला ती शेणाच्या रंगाची करायला सांगते. दुसऱ्या दिवशी मी त्यात उसाच्या चिपाडाचा भुगा घातला. पिशवी तपकिरी, खरखरीत, बघवत नाही अशी झाली. वर भुग्यामुळं खर्चही कमी झाला आणि ओलही लवकर धरायला लागली. तू ती हातात घेऊन उलटीसुलटी केलीस, वास घेतलास आणि समाधानानं म्हणालीस की आता हिला कुणी धुणार नाही.

आणि मग शेवटचं भांडण, जे आपलं संपलंच नाही. दुसरी चाचणी कुठं घ्यायची. माझं म्हणणं सरळ होतं. आमच्याकडं काळी जमीन, बारमाही पाणी, मातीत जंतूंची जत्रा. तिथं पिशवी पटकन जिरेल, निकाल चांगला येईल, पुढची दारं उघडतील. तू हट्ट धरलास म्हसवडचा. मुरमाड रान, ठिबकच्या थेंबावर जगणारी झाडं. मी म्हटलं, हिरा, हा प्रयोग आहे, नवस नाही. तू म्हणालीस की तुमच्याकडं तर काहीही जिरतं, त्यात पिशवीचं काय कौतुक. जिथं अवघड तिथं जिरली तर जिरली म्हणायचं. मी चिडून म्हटलं की तुझ्या माळावर पाणी जिरत नाही, पिशवी काय जिरणार. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"जिरंल. आणि ती जिरली की तुझीबी जिरंल."

रोपं म्हसवडलाच लागली, कारण तुझ्यापुढं माझं कधी चाललं होतं? शेवग्याच्या दोन ओळी. एका ओळीच्या पिशव्यांत तुझं विरजण घातलेलं, दुसरीच्या पिशव्या तशाच, पण बिनविरजणाच्या. रानाचा तो तुकडा तू दादांकडून हक्कानं मागून घेतलास आणि पावसाळा संपला की उकरायचं असं ठरलं. पावसाळा संपला. तू त्याच्या आधी संपलीस. एका संध्याकाळी नेहमीसारखी प्रयोगशाळेला कुलूप लावून घरी गेलीस आणि सकाळी तुझ्या मुलीचा मला फोन आला. त्या दिवसाबद्दल मला काही लिहायचं नाही. मला तुझा राग आला होता एवढंच सांगते. वाद अर्धवट टाकून जायची ही काय पद्धत झाली?

परवा तुझ्या बाराव्याला म्हसवडला गेले होते. जेवणं झाली, मंडळी पांगली, मी निघायच्या तयारीत होते आणि दादा जवळ येऊन उभे राहिले. तुला माहीत आहेत दादा, चार शब्द बोलायला चार मिनिटं घेतात. "ताई, हिराचं उकरायचं राहिलंय न्हवं? तेवढं करून जावा." मला वाटलं होतं की या घरात आता ते नाव काढू नये. त्यांना वाटत होतं की मी विसरले. मी तिथंच मुक्काम केला आणि सकाळी आम्ही रानात गेलो.

उकरायच्या आधीच मला कळायला हवं होतं. विरजणाची ओळ माझ्या डोक्याच्या वर गेलेली, दुसरी ओळ कमरेला. बिनविरजणाच्या झाडाशी उकरलं तर आपली ती कुरूप तपकिरी पिशवी जागच्या जागी, फक्त जरा मऊ पडलेली, आणि आत मुळांचं वेटोळं कोंडलेलं. मग विरजणाच्या ओळीला आले, आणि वर लिहिलं तसं, काही नाही. मुळं मोकळी, लांब पसरलेली. मी ओरडले. आणि ओरडून झाल्यावर तू डोक्यात शिरलीस आणि मी पोलिसासारखी वहिनींना विचारायला लागले. वहिनी, लावताना पिशवी फाडली होती का? चुकून फाडली असेल? नंतर कुणी काढली असेल? सुमनकाकूंनी मला कायमचं शहाणं केलेलं आहे. तिसऱ्यांदा विचारल्यावर वहिनींनी कमरेवर हात ठेवले.

"हिरानं मला हितंच हुबं करून सांगितल्यालं. वहिनी, पिशवी फाडलीस तर तुज्या हातचं जेवणार न्हाई. मग मी कशाला फाडू?"

आणि एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मीही रडले. आम्ही दोघी त्या झाडाशी मातीत बसून रडलो आणि दादा पाण्याची नळी उचलून पलीकडं गेले. रडता रडता मला हसू येत होतं, कारण झाड खरोखरच सुरेख आलं होतं. दोन्ही एकदम होतं, हिरा, हे मला माहीत नव्हतं.

निघताना दादांनी विचारलं की ही पिशवी मेंढरानं खाल्ली तर काय. मी खरं ते सांगितलं की अजून माहीत नाही, ते तपासायचं आहे. त्यांनी मान डोलावली. तू असतीस तर त्याच रात्री प्रयोग आखला असतास. मी तो आखायला घेतलाय, पण मला तुझ्यासारखा आखता येत नाही. खोडणार कोण?

दोन्ही ओळींतली माती मी स्टीलच्या डब्यांत भरून एसटीनं सांगलीला आणली. डबे मांडीवर होते. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, कुठनं आलात. मी म्हटलं, मैत्रिणीचं बारावं होतं. तिनं डब्यांकडं पाहिलं, माझ्या मातीनं भरलेल्या नखांकडं पाहिलं, आणि डब्यांना हात जोडले. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकलंही नव्हतं.

आज सकाळी शिपाईमामांकडून किल्ली घेतली आणि तुझी प्रयोगशाळा उघडली. तू गेल्यापासून मी त्या बाजूच्या जिन्यानं जातच नव्हते. दार उघडल्यावर तोच वास, आंबूस, ओल्या मातीचा. खुर्चीवर तुझा स्वेटर. मी स्वेटरकडं न बघता सरळ कपाटाकडं गेले, कारण मला जे हवं होतं ते कपाटात होतं. तुझ्या बरण्या.

बाहेरच्या माणसाला वाटेल की ही लोणच्याची बेगमी आहे, कारण बरण्या लोणच्याच्याच होत्या. सगळ्यांत म्हसवडच्या त्याच रानातली माती. तीन बरण्यांत नुसती माती, तीन बरण्यांत माती आणि बिनविरजणाच्या पिशवीचे तुकडे, तीन बरण्यांत माती आणि विरजणाच्या पिशवीचे तुकडे. प्रत्येक बरणीत वरच्या बाजूला अल्कलीच्या द्रावणाची एक छोटी वाटी टांगलेली, आणि झाकण घट्ट. मातीतले जंतू जेवले की तेही आपल्यासारखाच श्वास सोडतात आणि तो श्वास वाटीतलं द्रावण पकडतं. तू म्हणायचीस की माती जेवली का नाही हे तिला विचारायचं नाही, तिचा श्वास मोजायचा. पिशवी नुसती चुरली तर कुणी जेवलेलं नाही, मग श्वास नुसत्या मातीइतकाच. खाल्ली असेल तर श्वास जास्त. तुझ्या प्रश्नाचं उत्तर रानात नव्हतंच, इथं कपाटात बसलेलं होतं.

हात धुतले. नुसत्या मातीच्या बरण्यांपासून सुरुवात केली. वाटी बाहेर काढली, दुसरं द्रावण घालून पकडलेल्या श्वासाचा पांढरा साका केला आणि वर इंडिकेटरचा एक थेंब टाकला. अल्कली शिल्लक असेल तर रंग गुलाबी येणार. आला, भडक गुलाबी. पुढच्या दोन्हींचाही तसाच. म्हणजे ही माती बेताचंच जेवली होती. मग बिनविरजणाच्या पिशवीच्या वाट्या. त्याही गुलाबी, जराशा फिक्या. विरजणाच्या पिशवीची पहिली वाटी घेतली, साका केला, थेंब टाकला.

रंग आला नाही. दुसरा थेंब टाकला, वाटी हलवली. दुधासारखं पांढरं, गुलाबीचा मागमूस नाही. मला वाटलं इंडिकेटरच बिघडला, म्हणून त्याच बाटलीतला थेंब ताज्या अल्कलीत टाकून पाहिला, तो लगेच गुलाबी झाला. मग दुसरी बरणी, तिसरी बरणी. पांढरी, पांढरी. वाटीतली सगळी अल्कली संपलेली होती. श्वास इतका होता की वाटीला तो पुरा पकडतासुद्धा आला नाही. चुरली नाही, हिरा. खाल्ली. तुझ्या त्या उजाड माळाच्या मातीनं माझी साखळी तुझ्या कात्रीनं कातरून खाल्ली आणि पोट भरून श्वास सोडला. मी स्टुलावर बसले आणि मोठमोठ्यानं हसायला लागले. शिपाईमामा दारात येऊन बघून गेले.

लगेच तू म्हणणार, परत कर. करणारच आहे. पण त्याआधी मी झाकणं बघितली. प्रत्येक झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर तुझ्या तिरक्या अक्षरात वाटी बदलल्याची तारीख. सगळ्यांवर एकच तारीख, तू कुलूप लावून घरी गेलीस त्या संध्याकाळची. तू जाताना सगळ्या वाट्या बदलून, नवं द्रावण घालून गेली होतीस आणि त्यानंतर या बरण्यांना कुणाचा हात लागलेला नव्हता. म्हणजे या वाट्यांत पकडलेला सगळा श्वास तू गेल्यानंतरचा आहे. आम्ही तुझ्या फोटोला हार घालत होतो, म्हसवडला जेवणाच्या पंगती उठत होत्या, मी जिना टाळून जात होते, आणि इथं बंद कपाटात तुझी माती जेवत होती.

मग मी वाट्या धुतल्या, यावेळी द्रावण दुप्पट घेतलं आणि झाकणं घट्ट लावली. चिकटपट्टीवर तुझ्या तारखेखाली जागा होती. तिथं मी माझ्या अक्षरात आजची तारीख घातली.